जुन्या अपार्टमेंटमध्ये अग्निसुरक्षा: पंपाच्या आधी जिना

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरच्या मनीषनगरातली १९९९ सालची इमारत, खाली पार्किंग, वर चार मजले, सोळा फ्लॅट, एक जिना, एक लिफ्ट. तुम्ही सचिव. एका एजन्सीने स्प्रिंकलर, धूर ओळखणारे सेन्सर, पंप, नळ, भोंगा असं सगळं धरून कोटेशन दिलं आणि ते फ्लॅटमागे लाखाच्या घरात गेलं. सभेत "पंचवीस वर्षांत लागली का आग? मग आताच काहून?" असं म्हणून लोक उठून गेले. आता तुम्ही विचारता की कायद्याने हे सक्तीचं आहे का, नेमकी कोणती यंत्रणा लावायची आणि लोकांना तयार कसं करायचं.

माझ्या मते खरा प्रश्न तिसरा आहे. पहिल्या दोघांची उत्तरं कागदावर सापडतात. सोळा घरांचं एकमत कोणत्याच नियमावलीत सापडत नाही. आणि सभा मोडली यात लोकांचा फारसा दोष मला दिसत नाही. ज्यांनी आजवर जिन्यातल्या चपलांच्या रॅकबद्दलही कधी चर्चा केली नाही, त्यांच्यापुढे एकदम लाखाचा आकडा ठेवला तर ते उठून जाणारच.

माझी ओळख एवढीच की मी नागपुरातच अग्निसुरक्षेची कामं करते आणि शिकलेही इथल्याच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात. १९५६ साली सुरू झालेली ही संस्था देशभरातले अग्निशमन अधिकारी घडवते, आणि तिच्याच शहरातल्या अपार्टमेंटांच्या जिन्यात सायकली, जुने कूलर आणि दिवाळीचे रिकामे खोके रचलेले असतात. असो.

आधी कायद्याचं बघू. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा फक्त नव्या इमारतींसाठी केलेला कायदा नाही. इमारत त्याच्या कक्षेत येत असेल तर यंत्रणा बसवणं आणि चालू ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. बिल्डर केव्हाच निघून गेलेला असतो, म्हणजे ती तुमच्या सोसायटीची झाली. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फॉर्म बी' म्हणतात, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारीत आणि जुलैत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचं असतं.

तुमची इमारत कक्षेत येते का, हे मुख्यतः उंचीवर आणि वापरावर ठरतं. राष्ट्रीय बांधकाम संहिता १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला 'उंच इमारत' धरते. खाली पार्किंग आणि वर चार मजले म्हणजे तुम्ही नेमके त्या रेषेवर उभे आहात. पंधराच्या जरा अलीकडे थांबलेले नकाशे आपल्या शहरात पुष्कळ आहेत, आणि ते योगायोगाने तसे झालेले नाहीत. त्यामुळे अंदाज करू नका. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि त्या वेळी अग्निशमन विभागाची एनओसी घेतली होती का, हे तीन कागद शोधा. सोसायटीच्या कपाटात नसतील तर नकाशा ज्यांनी मंजूर केला त्यांच्याकडे, म्हणजे महापालिका किंवा नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), प्रत मागा. तळमजल्यावर दुकान, क्लिनिक किंवा शिकवणी वर्ग असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, कारण मिश्र वापरात अपेक्षा बदलतात. मग मनपाच्या अग्निशमन विभागात लेखी विचारा. लोकांना वाटतं, विचारायला गेलो तर नोटीसच हातात पडेल. माझा अनुभव असा की स्वतःहून विचारणाऱ्या सोसायटीशी अधिकारी नीट बोलतात.

मात्र सभेत कायदा हे पहिलं पान करू नका. सक्तीच्या भीतीने लोक पैसे देतात ते सर्टिफिकेटसाठी. मग सर्टिफिकेट येतं आणि पंपाला गंज चढतो.

आता तुमच्यासारख्या इमारतीत आग कशी वागते ते बघू. कोटेशन देणारा माणूस हे कधीच सांगत नाही, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं. पार्किंगमध्ये जिन्याखाली किंवा जिन्याला लागून सोळा वीजमीटरांचा बोर्ड आहे. समोर दुचाकी उभ्या आहेत, पेट्रोलच्या आणि आता बॅटरीच्याही. बोर्डात एखादी जोडणी सैल आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्री सगळ्यांचे एसी एकदम चालतात, जोडणी तापते, तिच्यावरचं आवरण वितळतं, ठिणगी पडते. बोर्डाजवळची एक गाडी पेटली की टायर, सीट आणि प्लास्टिकचा काळा धूर निघतो. गरम धूर वर जातो आणि वर जायला त्याला एकच मोकळी वाट असते, जिना. तो जिना धुराड्यासारखा काम करतो. आग तळमजल्यावरच असते, पण चौथ्या मजल्यावरच्या माणसाने दार उघडलं की समोर फक्त काळोख. आगीत मरणाऱ्यांपैकी बहुतेकांचा बळी ज्वाळा घेत नाहीत, धूर घेतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड काही श्वासांतच माणसाला गुंगवतो आणि पायऱ्या उतरण्याचं त्राण राहत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) इमारतीत पहाटे हेच झालं. आग तळमजल्याच्या पार्किंगमध्ये लागली, धूर वर चढला, किमान ७ जण गेले. ती काही काचेची टोलेजंग इमारत नव्हती. आपल्या बेसा-मनीषनगर-त्रिमूर्तीनगरात उभ्या आहेत तशाच मध्यम उंचीची होती.

हे एकदा लक्षात आलं की तुमच्या कोटेशनमधली गंमत दिसते. फ्लॅटच्या आत स्प्रिंकलर आहेत, पण मीटरच्या बोर्डाबद्दल आणि जिन्याबद्दल चकार शब्द नाही. कारण त्यात विकण्यासारखं काही नसतं.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी जिना आणि मीटर, मग प्रत्येकाचं घर, मग हाताने वापरायची साधनं, आणि शेवटी पाइप, पंप, टाकी. पहिल्या टप्प्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत, आणि शेवटच्या टप्प्याचे पैसे लोक देतात ते पहिल्या तिन्हींनी विश्वास बसल्यावर.

जिन्यापासून सुरुवात करा. चपलांचे रॅक, कुंड्या, सायकली, बंद पडलेले कूलर, जुन्या गाद्या, रद्दी सगळं बाहेर. इथे भांडण होणार हे धरून चला. कोणाला एकट्याने "तुमचा रॅक काढा" म्हणू नका. एक रविवार ठरवा, सचिव आणि अध्यक्ष यांनी आधी स्वतःच्या दारातलं काढा, कबाडीवाल्याला बोलावून ठेवा आणि विक्रीचे पैसे सोसायटीच्या खात्यात टाका. मी बऱ्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट करायला लावते. रात्री नऊ वाजता जिन्याचे सगळे दिवे घालवून प्रत्येक घरातल्या एकाने वरून खाली उतरून यायचं, मोबाइलचा टॉर्च न लावता, भिंतीला हात लावून. आजी-आजोबांना यात घेऊ नका, धडधाकट माणसं पुरेत. खाली पोचेपर्यंत कोणाच्या पायात काय अडकलं याची यादी आपोआप तयार होते, आणि मग वाद घालायला कोणी उरत नाही. बॅटरीवर चालणारे आपत्कालीन दिवे प्रत्येक मजल्यावर लावा, ही मागणी त्याच रात्री लोकांकडूनच येते.

जिन्याच्या खिडक्या बघा. पाऊस आत येतो म्हणून कित्येक ठिकाणी त्यांना काच किंवा प्लास्टिकचा पत्रा कायमचा ठोकलेला असतो. धूर बाहेर पडायची तीच एक वाट. निदान सगळ्यात वरच्या टप्प्यावरची खिडकी उघडी राहील अशी करा, लूव्हर म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झडप लावा, म्हणजे पाऊसही अडतो.

गच्चीचं दार हा वेगळा विषय आहे. चोऱ्या होतात, पोरं वर जाऊन बसतात, म्हणून कुलूप. कारण खरं आहे, हे मी मान्य करते. पण धुरात वर पळालेला माणूस त्या कुलपापाशीच अडकतो. आतून नुसती कडी ठेवा आणि दार उघडलं की वाजेल अशी साधी घंटा बसवा. ते पटत नसेल तर काच फोडून किल्ली काढता येईल अशी पेटी दारालाच लावा. किल्ली अध्यक्षांच्या घरात असणं म्हणजे कुठेच नसणं.

मग मीटरची जागा. मीटरपर्यंतची वायर आणि मीटरचं सील महावितरणचं, त्याला हात लावू नका. पुढचं सगळं तुमचं. परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडून सगळ्या जोडण्या तपासून घट्ट करून घ्या, काळवंडलेल्या वायरी बदला, आणि हे दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. १९९९ साली ही इमारत घरटी एक कूलर आणि एक फ्रिज धरून बांधली गेली होती. आज त्याच वायरीवर दोन-दोन एसी, गिझर आणि ओव्हन आहेत. मंजूर भार वाढवून घेतलेली घरं किती आणि नुसताच एसी जोडलेली किती, हे एकदा विचारून बघा. सामाइक न्यूट्रल सैल झाला तर एखाद्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज अचानक भलतंच चढतं, आणि मग एका रात्रीत चार घरांचे टीव्ही जातात. असं तुमच्याकडे कधी झालं असेल तर तो इशारा समजा. बोर्डाला लाकडी दारं असतील तर हवा खेळेल अशी लोखंडी जाळीची दारं लावा, आणि बोर्डासमोर निदान एका गाडीएवढी जागा पिवळा पट्टा मारून मोकळी ठेवा.

प्रत्येक मजल्यावरून वर जाणाऱ्या वायरींच्या डक्टची भोकं बुजवा, कारण धूर तिथूनही चढतो. बांधकामातला साधा पिवळा फोम मारू नका, तो स्वतःच पेटतो. आगरोधक सीलंट वापरा, आणि भोक मोठं असेल तर मिनरल वूल (न जळणारी खनिज लोकर) भरून वरून सिमेंट.

बॅटरीच्या गाड्यांबद्दल दोन शब्द. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. २०२२ च्या घटनांनंतर बॅटरीचे सुरक्षा निकषही कडक झाले. पण जिन्याखालच्या दिव्याच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढून रात्रभर चार्जिंग, हे चालणार नाही. कंपाउंडच्या भिंतीकडे, जिन्यापासून दूर, उघड्यावर जागा द्या, तिथे स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी (वीज आपोआप तोडणारे दोन प्रकारचे स्विच) असलेला पॉइंट काढा आणि सबमीटर बसवा. काढता येणारी बॅटरी घरात नेऊन मुख्य दाराशी चार्जिंगला लावणं तर अजिबात नको. ती पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

दुसरा टप्पा घराच्या आतला. इथे सोसायटीचा अधिकार चालत नाही, आग्रहच चालतो. मी लोकांना चार गोष्टी सांगते.

घरच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का? एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किटला पडतो, विजेच्या गळतीला आरसीसीबी. बटण दाबून तो पडतो का, हे महिन्यातून एकदा बघायचं. सैल जोडणीत निर्माण होणारी उष्णता मात्र दोघांनाही कळत नाही. तिथे नाक आणि हातच कामाचे: सॉकेट गरम लागतो, प्लग काळा पडलाय, जळका वास येतो. एसीला स्वतंत्र लाइन हवी आणि वायरही जाड, साधारणतः ४ स्क्वेअर मिलिमीटरची.

कूलरवर आपल्या शहरात वेगळंच बोलायला हवं. तो खिडकीला टांगलेला असतो, आणि बारा महिने तिथेच राहतो. उन्हाळ्यात पाणी संपून पंप कोरडा फिरतो आणि मोटर तापते, हा एक धोका. दुसरा कोणाच्या लक्षात येत नाही: दिवाळीत त्याच्या बाजूंचं गवत कडकडीत वाळलेलं असतं आणि खाली रॉकेट उडत असतात. पावसाळा लागला की ते गवत काढून टाका. पुढच्या वर्षी तसंही नवं लागतंच.

खिडक्यांच्या ग्रिल. निदान एका ग्रिलला माणूस बाहेर पडेल एवढं, आतून उघडणारं दार हवं. कुलूप लावायचंच असेल तर किल्ली त्याच खोलीत, सगळ्यांना दिसेल अशी. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. सोळाही घरांचं एकदम काढलं तर भावही बरा मिळतो.

आणि धुराचा अलार्म. बॅटरीवरचा, छताला चिकटवायचा, कोणाशीही न जोडलेला. फोटोइलेक्ट्रिक प्रकारचा घ्या, धुमसणारी आग तो लवकर पकडतो. झोपायच्या खोल्यांबाहेर एक पुरे. स्वयंपाकघरात नको, फोडणीच्या धुराने वाजत राहील आणि आठवडाभरात कोणीतरी त्याची बॅटरी काढून रिमोटला घालेल. कमी पैशात जीव वाचवणारी याहून चांगली वस्तू माझ्या माहितीत नाही, आणि तरी कोटेशनमध्ये ती क्वचितच दिसते.

गॅसबद्दल बहुतेकांना माहीत असतं, म्हणून एवढंच: एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर पंखा किंवा दिवा लावू नका, लावलेला बंदही करू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

एकच जिना असलेल्या इमारतीत आणखी एक गोष्ट प्रत्येक घराला तोंडपाठ हवी. जिना धुराने भरला असेल तर खाली पळायचं नाही. मुख्य दार बंद करून फटीत ओली चादर कोंबायची, रस्त्याकडच्या खोलीत जायचं, १०१ ला फोन करायचा आणि खिडकीतून दिसत राहायचं. बंद लाकडी दार बराच वेळ धूर अडवतं. जाळीचं सेफ्टी डोअर काहीच अडवत नाही. आग स्वतःच्याच घरात असेल तर मात्र सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि जाताना दार ओढून घ्यायचं. उघडं ठेवलेलं दार अख्ख्या इमारतीला धूर पाजतं. लिफ्ट कधीच नाही.

तिसरा टप्पा झटपट. प्रत्येक मजल्यावर ६ किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक, मीटरजवळ कार्बन डायऑक्साइडचं एक. आयएसआय खूण बघा, पावडरच्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा, आणि ते कुलूपबंद कपाटात ठेवू नका. प्रत्येक मजल्यावर बटण आणि सगळीकडे ऐकू जाईल असा एक भोंगा. बस.

आता चौथा टप्पा, ज्यावरून तुमची सभा मोडली. तुमच्या उंचीच्या जुन्या इमारतीसाठी मी आधी डाउनकमरचा विचार करते. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा जाड पाइप, प्रत्येक मजल्याच्या लँडिंगवर हायड्रंट (आगीसाठीचा मोठा नळ) आणि होजरील म्हणजे चाकावर गुंडाळलेली रबरी नळी, आणि तळाशी अग्निशमन गाडीला आपलं पाणी आत सोडता येईल असं तोंड. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण १ किलो. म्हणजे पहिल्या मजल्यावर गुरुत्वाकर्षणानेच बऱ्यापैकी धार येते, पण चौथ्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली, ती नुसती ओघळते. म्हणून गच्चीवर पंप लागतो. त्या पंपाची वीज मुख्य स्विचच्या आधी वेगळी घ्यायची, कारण आग लागली की पहिलं काम इमारतीची वीज तोडणं, आणि त्याबरोबर पंपही बंद पडला तर सगळा खर्च पाण्यात.

टाकीचं पाणी हा नागपुरातला नेहमीचा तंटा. उन्हाळ्यात टँकर बोलवायची वेळ आली की आगीसाठी राखलेलं पाणी आधी आंघोळीला जातं. यावर नियम करून भागत नाही, प्लंबिंगच तसं करावं लागतं. आधी पाणी आगीच्या टाकीत, ती भरून वाहिली की घरगुती टाकीत. घरगुती नळ आगीच्या टाकीला जोडलेलाच नसतो, त्यामुळे तिथून कोणी घेऊ शकत नाही, आणि पाणी फिरत राहतं म्हणून कुजतही नाही. एकच टाकी असेल तर घरगुती पाइपचं तोंड वरच्या पातळीला आणि आगीच्या पाइपचं तळाला. टाकी किती मोठी हे मात्र आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारा. पंचवीस वर्षांच्या स्लॅबवर २५ हजार लिटर म्हणजे २५ टन.

स्प्रिंकलरला माझा विरोध नाही. सिनेमात दाखवतात तसे ते सगळे एकदम सुटत नाहीत. प्रत्येकाची काचेची कुपी तापल्यावरच, सहसा ६८ अंशांना, तो एकटा फुटतो. पण राहत्या घरांत छताखालून पाइप फिरवणं, फॉल्स सीलिंग फोडणं आणि त्यासाठी वेगळा दाब व पाणी राखणं, हे तुमच्या इमारतीत पहिलं काम नव्हे. पार्किंगमध्ये, मीटरच्या पुढच्या गाड्यांवर स्प्रिंकलरची एक ओळ घालता आली तर ती मी आधी घालेन. तिथेच आग सुरू होण्याची शक्यता जास्त, आणि तिथे तोडफोडही नाही. वर पत्र्याची शेड असेल तर लाल कुपीऐवजी ७९ अंशांची पिवळी घ्या. मे महिन्यात पत्र्याखाली काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे.

एजन्सीला विचारा: महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचा परवाना दाखवा, तो चालू आहे का? पाण्याच्या दाबाचं आणि प्रवाहाचं (हायड्रॉलिक) गणित कागदावर द्याल का? चौथ्या मजल्यावर धार उडवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, चालेल? यातल्या शेवटच्या प्रश्नाला चेहरा पडला तर दुसरी एजन्सी बघा.

आता माणसांकडे येते. जळत्या इमारतींचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं बंद करा. लोक दोन दिवस घाबरतात आणि तिसऱ्या दिवशी सरावतात. त्याऐवजी हाताला काही करू द्या. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ साली मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ. या दिवसांत अग्निशमन विभागाकडून ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं होतात. आधी पत्र देऊन तुमच्या आवारात घेता आलं तर उत्तम. ट्रेमधली आग स्वतः विझवून बघितलेली गृहिणी पुढच्या सभेत अग्निशामकाच्या बाजूने बोलते, आणि तिच्यासमोर "काहून?" म्हणणं सोपं नसतं.

विरोध करणाऱ्यांना एकाच पोत्यात घालू नका. "पंचवीस वर्षं काही झालं नाही" म्हणणाऱ्या काकांना बहुधा निवृत्तिवेतनातून एकरकमी पैसे देणं जड जात असतं, ते तसं म्हणत नाहीत एवढंच. त्यांना हप्ते द्या. पुण्यात किंवा परदेशात राहून इथला फ्लॅट भाड्याने दिलेला मालक सभेलाच येत नाही. त्याला फोटो, क्रम आणि तारखा असलेली एक पानाची ईमेल पाठवा, आणि भाडेकरूला मात्र सगळ्या सरावात घ्या, धूर मालकी बघत नाही. पहिल्या मजल्यावरचा माणूस "मी तर उडी मारीन" म्हणतो. त्याच्याशी वाद न घालता मीटरच्या बोर्डाची देखरेखच त्याच्याकडे द्या, कारण तो सगळ्यात जवळ आहे.

पैशाचा हिशोब तुमची नोंदणी कशी आहे यावर जातो. सहकारी संस्था असाल तर आदर्श उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. तो जमा आहे का, हे आधी बघा, पुष्कळ ठिकाणी नसतो. आपल्याकडे बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली, घोषणापत्रावर चालतात. तसं असेल तर सामाइक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे वाटला जातो, सगळ्यांना समान नाही. हे न बघता "सोळा भाग करा" म्हटलं की लहान फ्लॅटवाले रास्तपणे चिडतात. आणि विम्याचं एकदा विचारा. गृहकर्जाबरोबर काढलेली पॉलिसी कर्ज फिटलं की बहुधा संपते, आणि १९९९ च्या इमारतीत बहुतेकांची कर्जं फिटलेली असतात. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते. विम्याची चर्चा निघाली की वायरिंगची चर्चा आपोआप निघते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एक छोटी गोष्ट राहिली. मनीषनगर-बेसा भागात साईकृपा, साईश्रद्धा, श्री साई अशा नावांची अपार्टमेंटं गल्लीगल्लीत आहेत. संध्याकाळच्या वर्धा रोडच्या गर्दीतून वाट काढत आलेली गाडी चुकीच्या साईसमोर उभी राहू नये, म्हणून प्लॉट नंबर आणि लेआउटचं नाव असलेला मोठा बोर्ड गल्लीच्या तोंडाशी लावा, आणि १०१ ला नेमका काय पत्ता सांगायचा ते लिफ्टशेजारी लिहून चिकटवा. गेटची कमान आणि वरून गेलेल्या केबली यांखालून गाडी येईल का, तेही एकदा टेपने मोजा.

पुढच्या सभेत फक्त पहिला टप्पा मांडा: रविवारची सफाई, मीटरच्या जोडण्या, गच्चीचं दार. कोटेशनचा कागद सोबत नेऊच नका. ते झालं की मीटरच्या बोर्डाचा, जिन्याच्या तळाचा आणि गच्चीच्या टाकीचा फोटो, मंजूर नकाशावरची उंची आणि इमारतीची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, एवढं इथे लिहा. फोटोत मीटर क्रमांक आणि नावं झाका. मग पाइप कुठून न्यायचा आणि टाकी किती ठेवायची, यावर नेमकं बोलता येईल.